न हलणारी माशी

आमच्या घरात फूल तोडण्याआधी ते पास व्हावं लागायचं. पास करणारे माझे वडील. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासणीच्या टेबलावर काढली. मशीनमधून तयार होऊन आलेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, ट्यूबलाईटखाली फिरवून बघायचा, केसाएवढी चीर दिसली की लाल क्रेटमध्ये टाकायचा, नाही दिसली की हिरव्यात. थोडं घासून-पुसून चालण्यासारखा असेल तर पिवळ्यात. ओके, रिजेक्ट, रिवर्क. या तीन शब्दांवर आमचं घर चाललं आणि घरातही हेच तीन शब्द चालले. आईची भाकरी ओके असायची, माझं अक्षर कायम रिवर्क, आणि आत्याच्या यजमानांना अण्णांनी लग्नातच रिजेक्ट केलं होतं, ते आजतागायत.

फुलांच्या तपासणीचं काम मात्र आईमुळे त्यांच्या मागे लागलं. करमाडजवळच्या आमच्या गावाहून दोघं वाळूजच्या वसाहतीत नवीन राहायला आली, तेव्हा आईने कुंपणाला तगर लावली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत शेवंती. त्या पहिल्याच थंडीत तिने देवाला शेवंती वाहिली आणि फुलातून एक पिवळा कोळी बाहेर आला. खेकड्यासारखा आडवा चालत तो निरांजनाकडे गेला आणि आईच्या डोळ्यांदेखत जळाला. पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारी बाई ती. इथे तर देवापुढे जीव गेला होता. त्या दिवशी ती जेवली नाही, असं अण्णा सांगतात.

"इतकं जवळून बघितलं, तरी मला दिसला कामून नाय?" असं ती पुन्हापुन्हा विचारत होती.

"तुला नाय दिसणार," अण्णा म्हणाले. "ते माझं काम हाय. मी बघितल्याबिगर फूल तोडू नको."

तेव्हापासून नियम ठरला. अण्णांची रात्रपाळी असली की सकाळी बसमधून उतरून, जेवणाचा डबा हातात तसाच ठेवून, ते आधी शेवंतीपाशी उकिडवे बसायचे. दुसरी पाळी असली की चैन, सकाळ सगळी त्यांचीच. पहिल्या पाळीला ते अंधारातच निघायचे, म्हणून त्या आठवड्यात देवाला जास्वंदीवर भागवावं लागायचं. जास्वंद उघडी असते, तिच्यात लपायला जागा नाही. शेजारच्या चाची भिंतीवरून हा सगळा सोहळा बघायच्या. एकदा त्यांनी आईला विचारलं, "भाभी, तुम्हारे मियां फूलां तोडते कि गिनते?"

"दोन्ही नाय," आई म्हणाली. "पास करतेत."

मी दुसरी-तिसरीत असेन, तेव्हा अण्णा मला शेजारी बसवून घ्यायला लागले. मी फुलात अगदी नाक खुपसून शोधायचे. पाकळ्यांवर पाकळ्या, सगळं पिवळं, आणि त्यात मला कधीच काही सापडायचं नाही. माझा हिरमोड व्हायचा आणि अण्णांना त्याची मजा वाटायची. मग एक दिवस त्यांना माझी दया आली.

"कोळी शोधू नको," ते म्हणाले. "तो सापडू नये म्हणूनच तर तिथं बसलाय. तू माशी बघ. फुलावरची माशी कधी गप बसत नाय. इकडं तोंड घालील, तिकडं पाय घाशील, उडंल, परत बसंल. जी माशी लई वेळ हलतच नाय, तिच्याखाली बघ."

मी बघितलं. एका फुलावर मधमाशी होती. पंख जागेवर, पाय जागेवर, पाठीवर कोवळं ऊन. फक्त ती हलत नव्हती. आणि मग तिच्या मानेशी मला तो दिसला. हळदीच्या रंगाचा, पोटाने गुबगुबीत, पुढचे लांब पाय माशीभोवती धरलेले. एकदा दिसल्यावर मला कळेचना की इतका वेळ कसा दिसला नव्हता. मी ओरडले असेन, कारण आई आतून पळत आली.

हा कोळी जाळं विणत नाही. घराच्या कोपऱ्यात जाळं करून बसतात ते वेगळे. हा फुलात येतो, पुढचे पाय फाकवतो आणि थांबतो. बस, एवढंच त्याचं काम. आम्ही कित्येक सकाळी त्याच्याबरोबर थांबलो आणि थांबण्यात तो आम्हाला दर वेळी हरवायचा. माझ्या पायाला मुंग्या यायच्या, अण्णांची रात्रपाळीची झोप डोळ्यांवर यायची, तो मात्र तसाच. एकदा आम्हाला पूर्ण शिकार बघायला मिळाली. माशी आली, फुलाभोवती घिरटी घातली, काठावर उतरली आणि चालत चालत मधल्या भागाकडे गेली. तिला वाटलं असेल हेही फूलच. कोळ्याने पाय मिटले, बस. ओढाताण अशी झालीच नाही. त्याने तिला मानेशी धरलं होतं. थोडा वेळ तिचे पंख थरथरत राहिले, मग तेही थांबले. नंतर बराच वेळ तो तिला तसाच धरून होता, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं, माशी निवांत मध पितेय.

मी रडले. आई माझ्या बाजूची होती. ती त्या कोळ्याला सटवी म्हणायची. "बिचारी माशी कामाला आली व्हती, आन् ही सटवी आयतं खाती," असं तिचं म्हणणं. अण्णा कोळ्याच्या बाजूचे. "तिचीबी पाळीच हाय," ते म्हणायचे. "आपल्याला माशीचं काम दिसतं, कारण ती उडती. हिचं बसणं दिसत नाय म्हणून ते काम नाय व्हय?" या विषयावर आमच्या घरात जेवढे वाद झाले तेवढे माझ्या लग्नावरूनही झाले नाहीत. मी दोन्हीकडून बोलायचे. आई रागावलेली असली की मी कोळ्याकडून, अण्णांनी अभ्यासावरून बोलणी दिली की माशीकडून.

अण्णांना सगळंच बरोबर माहीत होतं असं मुळीच नाही. कोळी फुलाचा रस पिऊन पिवळा होतो, असं त्यांनी मला ठासून सांगितलं होतं आणि मी ते वर्गात तसंच ठासून सांगून हसं करून घेतलं. पण रंग बदलतो हे खरं, आणि ते आम्ही स्वतः बघितलं. तगरीच्या फुलातली एक पांढरीशुभ्र मादी अण्णांनी आगपेटीत अलगद घेतली आणि शेवंतीवर सोडली. पहिल्या दिवशी ती लांबूनसुद्धा दिसायची. आई म्हणाली, आता कशी उपाशी मरती बघा. पण तिच्यावर रोज थोडी थोडी पिवळी झाक चढत गेली, आणि आठवडाभराने अण्णा दुसऱ्या पाळीला निघण्याआधी मला म्हणाले, "सापडती का बघ." मला सापडली नाही. मग एक माशी हलेनाशी झाली, तेव्हा सापडली. पुढे मोठेपणी वाचलं की मधमाशीच्या डोळ्याला आपल्याला न दिसणारे उजेड दिसतात आणि या कोळ्यांच्या काही जाती त्या उजेडात चमकतात, माशी त्या चमकेकडेच ओढली जाते. हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं शेवंतीचं फूल पुन्हा वळवून बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आपल्यापासून लपती आन् तिला बोलावती. वा रे."

थंडीत सुट्टीच्या दिवशी आम्ही गावाकडे जायचो. अण्णांची मोटारसायकल, मी टाकीवर, आई मागे, तिच्या मांडीवर पिशवी. वाळूजहून निघायचं, शहर मधोमध कापत क्रांती चौकातून जालना रोडला लागायचं आणि करमाडच्या अलीकडे डावीकडे वळायचं. काकांच्या शेतात करडई फुललेली असायची. पिवळी, मग जून झाली की नारिंगी, आणि अंगभर काटे. काका म्हणायचे, शहरातून माणसं शेत बघायला येतात, हा कोळी बघायला येतो. अण्णा काट्यांतून सराईत हात घालून एकेक बोंड वळवायचे आणि मला दाखवायचे. परतताना मी त्यांच्या दोन हातांमध्ये बसलेली असायचे आणि समोरून ट्रक आला तरी मला भीती वाटायची नाही, कारण अण्णांना सगळं दिसतं अशी माझी खात्री होती. इतकं निर्धास्त मी पुन्हा कधी कुणाच्या मागे किंवा पुढे बसले नाही.

माझं लग्न झालं, मी शहरात राहायला गेले, क्रांती चौकाजवळ नोकरी लागली. अण्णा निवृत्त झाले. आता फुलांना पाळ्यांचं बंधन उरलं नव्हतं, त्यामुळे देवाची चैन होती. मी रविवारी जायचे तेव्हा अण्णा अंगणात असायचे, परडी भरून पायरीवर ठेवायचे आणि "ओके" म्हणून हाक द्यायचे. आई ती उचलून आत न्यायची.

एका रविवारी मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. आईने परडी देव्हाऱ्याकडे नेली नाही. तिने ओट्यावर स्टीलचं ताट ठेवलं, सगळी फुलं त्यात ओतली, ट्यूब लावली आणि एकेक फूल उलटंसुलटं करून बघायला लागली. मी विचारणार तेवढ्यात एका शेवंतीतून पिवळा कोळी निघाला आणि ताटाच्या काठाकडे आडवा पळाला. आईने तो वाटीखाली धरला, खिडकीतून मागच्या तगरीवर सोडला आणि ओठांवर बोट ठेवलं.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"मोतीबिंदू हाय त्यांना. पिकायलाय. पिकला की काढू." ती फुलं निवडतच होती. "त्यांना बोलू नको. जन्मभर नजरेचं खाल्लं त्या माणसानं."

मी बोलले नाही. आमच्याकडे सगळ्यांचे मोतीबिंदू असेच पिकलेले. आजोबांचा, काकांचा, चाचींचासुद्धा. आधी पिकू द्यायचा, मग थंडी बघून काढायचा, हे आम्हाला आंब्याइतकं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाचा मोतीबिंदू निघाला तर अण्णाही तेच म्हणायचे. जालना रोडवर एक रिक्षा डाव्या बाजूने त्यांच्या गाडीला घासून गेली, तेव्हा त्यांनी रिक्षावाल्याचा उद्धार केला आणि पुढच्या महिन्यात कंबर दुखते म्हणून गाडी विकून टाकली. आम्ही कंबरेला तेल आणून दिलं.

त्यानंतरच्या थंडीत, पुन्हा एका रविवारी, मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले होते. उगीच गंमत म्हणून विचारलं, "अण्णा, या डब्यात कोळी कुठं हाय, सांगा."

"एक वर, एक तिकडच्या अंगाला," ते म्हणाले. आणि दोन्ही होते. मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारणार होते. आईची भीती खोटी, असं वाटलं मला. पण अण्णा ज्या तऱ्हेने बघत होते ते तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. ते डबा फिरवत होते. जिथे बसले होते तिथून मान जराही न हलवता, दोन्ही हातांनी डबा थोडा थोडा वळवत एकेक फूल नेमकं उजव्या डोळ्यासमोर आणत होते, टेबलावर लोखंड फिरवावं तसं. एरवी माणसाचे डोळे किती हलतात. हाक आली की वळतात, भिंतीवर मांजर आलं की वळतात. त्याच वेळी चाचींचं मांजर भिंतीवरून खरंच चालत गेलं, अण्णांच्या डाव्या हाताला, अगदी जवळून. मी बघितलं. ते हलले नाहीत.

मी त्यांच्याकडे जसं बघत होते तसं बघायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात मी दोघांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. अण्णा कुरकुरत होते, मोतीबिंदू असला तरी अजून पिकला नसंल, खामखा चकरा. तिथे एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घुमटासारखं यंत्र होतं. त्यात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. अण्णांचं डोकं आत होतं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते, तिथून घुमटाची एक बाजू मला दिसत होती. दिवा लागत होता, विझत होता. जरा खाली लागत होता, जरा वर लागत होता. अण्णांचा अंगठा बटणावर होता आणि तो हलत नव्हता.

मी बाहेर येऊन आईजवळ बसले. तिने विचारलं, "पिकलाय का?" मी तिच्या मांडीवरची पिशवी माझ्याकडे घेतली.

डॉक्टरीण बाई तरुण होत्या, त्यांनी नीट समजावून सांगितलं. मोतीबिंदू थोडासा आहे, त्याची चिंता नाही. खरा आजार काचबिंदू. तो दुखत नाही, पिकत नाही, कडेकडेने नजर खात येतो आणि माणसाला मधलं दिसत असतं म्हणून कळत नाही. डावा डोळा जवळजवळ गेला आहे. उजव्यात मधली नळीएवढी नजर उरली आहे. गेलेली परत येणार नाही. उरलेली टिकावी म्हणून जन्मभर थेंब घालायचे. "तुम्हाला कमी दिसतंय असं कधी जाणवलं?" त्यांनी विचारलं.

"जाणवलं की," अण्णा म्हणाले. "बरेच दिवस झाले."

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. बाहेर येऊन ती बाकावर बसली. मग म्हणाली, "मग बोलला कामून नाय?"

"तू तपासत व्हतीस ना आत. ताटाचा आवाज यायचा मला. म्हटलं, हिला कळलंय, आन् ही बोलत नाय, म्हणजे हिला वाटतंय मला कळू नये." अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग मीबी नाय बोललो. तुला बरं वाटत व्हतं तर वाटू दे."

आईने पदर तोंडाला लावला. रांगेतली माणसं बघत होती तरी तिने रडणं आवरलं नाही. माणूस आपल्याच माणसांत इतक्या मायेने कसा लपून राहतो, हे मला त्या बाकावर कळलं. आम्ही तिघं एकमेकांना जपत गप्प बसलो आणि तेवढ्या काळात त्या आजाराने निवांत आपलं काम केलं.

आता थेंबांना आमच्या घरात पाळ्या लागल्या आहेत. सकाळची पाळी आईची, संध्याकाळची फोन करून आठवण द्यायची माझी. डॉक्टरीण बाई दर तपासणीला म्हणतात, जेवढी आहे तेवढी आहे. आम्ही त्यालाच आनंद म्हणायला शिकलो. अण्णा करमाडला आता माझ्या गाडीतून येतात. शेताची कड धरून चालतात आणि मी करडईची फांदी वाकवून त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरते. कधी दिसतो, कधी नाही.

आईने मात्र ते ताट स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. ती सकाळी ते घेऊन पायरीवरच अण्णांच्या शेजारी बसते. चाची भिंतीवरून म्हणाल्या, "अब दो-दो इन्स्पेक्टर?" आई म्हणाली, "व्हय, कामाचा लोड वाढलाय." मला हे ऐकून इतकं बरं वाटलं की मी दोघींना चहा करून दिला, आणि माझ्या हातचा चहा अण्णांच्या मते आजही रिवर्क आहे.

गेल्या रविवारी मी पोचले तेव्हा दोघं शेवंतीच्या डब्यापाशी होती. अण्णांनी एक मोठं फूल समोर घेतलं. बराच वेळ बघितलं. डबा थोडा इकडे केला, थोडा तिकडे. मग म्हणाले, "रिवर्क. राहू दे झाडावर. आत बसलीय ती."

मी वाकून बघितलं. फूल रिकामं होतं. एक पाकळी आत मुडपलेली होती, तेवढीच. मी आईकडे बघितलं. अशा वेळी आमच्या घरात काय होतं ते मला ठाऊक होतं. आई "बरं" म्हणेल, फूल सोडून देईल, आणि ते कोळी नसलेलं फूल झाडावर वाळून जाईल.

आईने फूल बोटांनी उघडलं, आत बघितलं.

"नाय ओ," ती म्हणाली. "रिकामं हाय."

अण्णा थांबले. इतक्या वर्षांत त्यांचा निकाल कुणी तोंडावर फिरवला नव्हता, ना टेबलावर, ना अंगणात. त्यांचे हात डब्यावर तसेच होते, आणि मी बघत होते, ते हलतात का.

"नीट बघितलं?" त्यांनी विचारलं.

"नीट बघितलं."

"मग तोड," ते म्हणाले, आणि डबा वळवून पुढचं फूल समोर घेतलं.